सिस्टर, अजून किती वेळ?

रुग्णालयात वाईट बातमी रीतसर सांगण्याचं काम डॉक्टरांचं. किती दिवस उरलेत याचा अंदाज डॉक्टरांनी द्यायचा आणि मृत्यू झाल्याचं तपासून प्रमाणपत्रही त्यांनीच द्यायचं. पण डॉक्टर राउंडला येतात, चार-पाच मिनिटं थांबतात, "तब्येत सिरीयस आहे, आपले प्रयत्न चालू आहेत" एवढं सांगून पुढच्या खाटेकडे वळतात. मग नातेवाईक सिस्टरभोवती जमतात. "डॉक्टर काय म्हणाले हो?" असा पहिला प्रश्न येतो. डॉक्टर काय म्हणाले ते त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलेलं असतं. आपल्या माणसाच्या बाबतीत त्याचा अर्थ काय घ्यायचा, हे त्यांना विचारायचं असतं.

सिस्टरची अडचण अशी की तिला बहुतेक वेळा उत्तर माहीत असतं. कालपासून लघवी किती कमी झाली, रक्तदाब टिकवायला औषधाचा वेग कितीदा वाढवावा लागला, कूस बदलताना अंगात किती जोर उरला होता, हे सगळं तिनेच पाहिलेलं आणि तिनेच लिहिलेलं असतं. तरीही "आता हे वाचणार नाहीत" असं आपल्या अधिकारात जाहीर करणं तिला शक्य नसतं. डॉक्टरांनी एक सांगितलं आणि सिस्टरने दुसरं, तर घरच्यांचा दोघांवरचाही विश्वास उडतो. म्हणजे जे कळतंय ते सगळं बोलता येत नाही, आणि समोरचा माणूस तर डोळ्यांत डोळे घालून विचारतोय. अनुभवी सिस्टर यातून जी वाट काढतात ती मला फार मोलाची वाटते. त्या भाकीत करत नाहीत. जे दिसतंय ते शब्दांत मांडतात, शरीरात काय चाललंय ते समजावतात आणि घरच्यांच्या हाताला काहीतरी काम देतात. हे कौशल्य इंजेक्शन देण्याइतकंच शिकून घ्यावं लागतं. ते नसलं तर काय होतं, हे घरातलं माणूस रुग्णालयात गमावलेल्या कुणालाही विचारून पाहावं.

या अडचणीचा पहिला नीट अभ्यास अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरातल्या रुग्णालयांत झाला. बार्नी ग्लेझर आणि अँसेल्म स्ट्रॉस हे दोन समाजशास्त्रज्ञ वॉर्डांत बसून, मरणाबद्दल कोण कुणाशी काय बोलतं हे टिपत होते. जीन क्विंट ही परिचारिका-संशोधक त्यांच्याबरोबर होती. १९६५ साली ग्लेझर आणि स्ट्रॉस यांचं 'अवेअरनेस ऑफ डाइंग' हे पुस्तक आलं आणि १९६७ साली क्विंट यांचं 'द नर्स अँड द डाइंग पेशंट'. मरणाऱ्या माणसाभोवती चार प्रकारची परिस्थिती असू शकते, अशी मांडणी ग्लेझर आणि स्ट्रॉस यांनी केली. कधी सगळ्यांना ठाऊक असतं आणि रुग्णालाच नसतं. कधी रुग्णाला संशय येतो आणि तो चाचपडून पाहतो. कधी दोन्ही बाजूंना ठाऊक असतं, पण दोघंही ठाऊक नसल्यासारखं वागतात. आणि कधी सगळं उघड असतं. यातली तिसरी परिस्थिती वाचताना मराठी वाचकाला आपल्याच घरात कुणी डोकावून गेल्यासारखं वाटेल.

मुलगा वॉर्डाच्या दाराशीच सिस्टरला गाठतो. "बाबांना कॅन्सरचं काही सांगितलेलं नाही. पोटात गाठ आहे एवढंच माहितीये. तुम्ही काही बोलू नका, ते हाय खातील." यात लपवाछपवीची हौस नसते. वडिलांवरच्या मायेपोटीच तो हे बोलत असतो. त्याच रात्री दोन वाजता बाबा जागे असतात आणि सलाईन बदलायला आलेल्या सिस्टरला हळूच सांगतात, "मला सगळं कळतंय हो. पण पोराला सांगू नका, तो खचेल." आता दोघांची गुपितं एकटीच्या गळ्यात. परळला टाटा रुग्णालयाची पाटी वाचून आत आलेल्या, शेजारच्या खाटांवरच्या माणसांशी दिवसभर गप्पा मारणाऱ्या माणसाला आपल्या आजाराची काहीच कल्पना नसेल, हे खरं तर मुलालाही मनातून पटलेलं नसतं.

अशा वेळी नवशिक्या सिस्टर दोन टोकांना जातात. एक तर रुग्णाला जाणून घ्यायचा हक्क आहे असं मुलाला ठणकावतात, नाहीतर "बरं, नाही सांगत" म्हणून सुटका करून घेतात. जुन्याजाणत्या सिस्टर आधी विचारतात. "दादा, बाबांनी तुम्हाला कधी काही विचारलं का?" "तुम्हाला काय वाटतं, त्यांना कितपत कळलंय?" आणि मग, "सांगितलं तर काय होईल अशी भीती वाटते तुम्हाला?" या तिसऱ्या प्रश्नावर मुलगा बहुधा स्वतःबद्दल बोलू लागतो. बाबा रडले तर मला सावरता येणार नाही, ते जेवण सोडतील, आई कोसळेल. भीती एकदा बोलून झाली की सिस्टर आपली बाजू मांडते. "मी आपणहून विषय काढणार नाही. पण त्यांनी मला सरळ विचारलं तर खोटं सांगणार नाही. त्यांना किती जाणून घ्यायचंय ते आधी विचारीन आणि तुम्हाला बोलावून घेईन." या तीन वाक्यांत मुलाला वचन मिळतं आणि रुग्णावरही अन्याय होत नाही. काही रुग्णांना खरोखरच ऐकायचं नसतं. "मला नका सांगू, जे काय असेल ते मुलाशी बोला," असं ते स्वच्छ सांगतात. तेही तितक्याच आदराने मान्य करायचं असतं. पण विचारल्याशिवाय ते कळणार कसं?

या विचारण्याला निकड आहे. मौनात राहून जाणाऱ्या गोष्टी अगदी व्यवहारातल्या असतात. सातबारावर कुणाची नावं लागायची राहिलीत, कुणाकडून पैसे यायचेत, दहा वर्षं न बोललेल्या भावाला बोलवायचं का, धाकटीचं लग्न अलीकडे उरकायचं का. माणूस गेल्यावर घरातले लोक वर्षानुवर्षं जे बोलतात त्यात "विचारायचं राहूनच गेलं" हे वाक्य हमखास असतं.

घरच्यांनाही सेवेची गरज असते, हा विचार आधुनिक वैद्यकात ठसवण्यात सर्वांत मोठा वाटा सिसिली साँडर्स यांचा. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी लंडनमध्ये परिचारिकेचं शिक्षण घेतलं. पाठीच्या दुखण्याने ते काम झेपेना, म्हणून त्या रुग्णालयात समाजसेविका झाल्या. १९४८ साली डेव्हिड टास्मा नावाचा, पोलंडमधून आलेला, मागेपुढे कुणी नसलेला रुग्ण त्यांच्या सहवासात कॅन्सरने वारला. तुम्ही पुढे उभाराल त्या वास्तूत माझी एक खिडकी असू दे, असं सांगून त्याने त्यांच्यासाठी ५०० पौंड ठेवले. साँडर्स पुढे वैद्यकशास्त्र शिकून डॉक्टर झाल्या आणि १९६७ साली लंडनमध्ये त्यांचं सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे मरणाच्या वाटेवरच्या रुग्णांच्या शुश्रूषेचं केंद्र, उभं राहिलं. परिचारिका, समाजसेविका आणि डॉक्टर या तिन्ही नजरा एका माणसात आल्यामुळेच त्यांना दिसलं असावं की शेवटच्या दिवसांतलं दुखणं एकट्या शरीराचं नसतं. पैशांची चिंता, घरच्यांची घालमेल, मनातली अढी हे सगळं त्यात मिसळलेलं असतं. भारतातलं पहिलं हॉस्पिस, शांती अवेदना, मुंबईत वांद्र्याला १९८६ साली सुरू झालं. पुण्यात वारज्याला सिप्लाचं असंच केंद्र १९९७ पासून आहे. अशा ठिकाणी सिस्टरला खाटेशेजारी बसायला वेळ मिळतो. आपल्याकडची बहुतेक मरणं मात्र साध्या वॉर्डात, आयसीयूत नाहीतर घरी होतात, म्हणून पुढचं सगळं मुख्यतः तिथलं आहे.

सगळ्यांत जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न म्हणजे "सिस्टर, अजून किती वेळ?" याचं अचूक उत्तर कुणाकडेच नसतं. निकोलस क्रिस्ताकिस आणि एलिझाबेथ लॅमाँट यांनी शिकागोतल्या पाच हॉस्पिसमध्ये डॉक्टरांना ४६८ रुग्णांबद्दल हेच विचारलं होतं. २००० साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात फक्त २० टक्के अंदाज बरोबर ठरले. बहुतेक डॉक्टरांनी प्रत्यक्षापेक्षा जास्त आयुष्य सांगितलं होतं, एकंदरीत पाचपटीहून अधिक. आणि डॉक्टर रुग्णाला जितक्या जास्त काळापासून ओळखत होते, तितका त्यांचा अंदाज चुकत गेला. जिव्हाळ्याच्या माणसाबद्दल आशा सुटत नाही, हे डॉक्टरांनाही लागू आहे.

म्हणून शहाणी सिस्टर तारीख सांगत नाही, पण "देवाला ठाऊक" म्हणून हातही झटकत नाही. ती बदलाचा वेग दाखवते. "मागच्या आठवड्यात आजी उठून बसत होत्या, परवा हाक मारली की डोळे उघडत होत्या, आज तेही नाही. बदल दिवसादिवसाने होत होता, आता तासातासाने होतोय." हे घरच्यांनीही पाहिलेलंच असतं, तिने फक्त ते एका ओळीत लावून दिलेलं असतं. डॉक्टरांच्या बोलण्याला छेदही जात नाही आणि अर्थही पोचतो. मग ती विचारते, "कुणी यायचं राहिलंय का?" माझ्या मते या सगळ्या संभाषणातला हा सर्वांत उपयोगी प्रश्न. तो ऐकून घरचे एकदम हालचाल करू लागतात. नाशिकच्या बहिणीला रात्रीच्या गाडीत बसवायचं, दुबईतल्या भावाला तिकीट काढायला सांगायचं, गावाकडच्या काकांना कळवायचं. "आशा सोडा" असं कुणी म्हणालेलं नसतं, तरी निर्णय झालेला असतो. ज्याला पोचणं शक्यच नाही त्याच्यासाठी सिस्टर मोबाइल कानाशी धरते. कोविडच्या लाटांत नातेवाइकांना आत येऊ देत नव्हते तेव्हा कित्येक घरांचा निरोप असाच, पीपीई किटमधल्या सिस्टरने धरलेल्या फोनवर झाला.

त्यानंतर विषय येतो अन्नपाण्याचा. इथे थोडं थांबायला हवं, कारण आपल्या घरांत सगळ्यांत जास्त घालमेल याचीच होते. आजारी माणसाला चार घास भरवणं ही आपल्याकडे मायेची शेवटची खूण. डबा घेऊन आलेली सून पेजेचा चमचा तोंडाशी नेते, आजी तोंड मिटून घेतात. "खात नाहीत म्हणून अशक्तपणा आलाय, नळी घाला, निदान सलाईन तरी लावा," असा आग्रह सुरू होतो. आणि कुणीतरी नातेवाईक हमखास म्हणतो, "उपाशी ठेवून मारताय का?"

शरीर मरणाकडे निघालं की त्याला अन्न वापरता येत नाही. भूक जाते, गिळण्याची ताकद जाते आणि बळेच घातलेला घोट श्वासनलिकेत उतरू शकतो. आजी खात नाहीत म्हणून जात आहेत असं नसून त्या जात आहेत म्हणून खात नाहीत, हा क्रम घरच्यांना उलगडून सांगावा लागतो, तोही एकदा सांगून भागत नाही. सलाईनबद्दलही असंच. अमेरिकेत ह्यूस्टनला एदुआर्दो ब्रुएरा यांच्या चमूने हॉस्पिसच्या देखभालीतल्या १२९ कॅन्सर रुग्णांवर प्रयोग केला. काहींना रोज १ लिटर सलाईन, काहींना नावापुरतं १०० मिलिलिटर. २०१३ साली आलेल्या निष्कर्षांत दोन्ही गटांच्या त्रासात किंवा आयुष्यात लक्षणीय फरक दिसला नाही. उलट मूत्रपिंडं थकलेल्या शरीरात जास्तीचं पाणी पायांवर सूज म्हणून, फुप्फुसांत घरघर म्हणून साठू शकतं.

पण हे आकडे सुनेला सांगून काय उपयोग? तिला चमचा खाली ठेवायला सांगायचं असेल तर हातात दुसरं काही द्यायला हवं. सिस्टर कापसाचा बोळा किंवा गॉजचा तुकडा पाण्यात बुडवून, पिळून देते. "यांना तहान लागत नाहीये, पण तोंड कोरडं पडतंय. दर अर्ध्या तासाने ओठ, जीभ पुसा. ओठांना थोडं तूप लावा." गंगाजल आणि तुळशीचं पान घेऊन बसलेल्या मुलाला ती अडवत नाही. थेंबभर पाणी ओठांवर टेकवा, तोंडात ओतू नका, एवढं दाखवून देते. भरवण्याचा हक्क गेला तरी सेवेचा हक्क राहतो. तासाभरापूर्वी भांडायला उठलेलं माणूस तो बोळा हातात आल्यावर शांत बसतं, असं जवळजवळ प्रत्येक वॉर्डातल्या सिस्टर सांगतात.

श्वासाचंही आधी सांगून ठेवावं लागतं. शेवटच्या दिवसांत घशात स्राव साचतो, रुग्णाला तो गिळता येत नाही की खोकून काढता येत नाही, आणि प्रत्येक श्वासाला घरघर ऐकू येते. ऐकणाऱ्याला वाटतं, माणूस गुदमरतोय. सक्शनची नळी खोल घालून फारसं निघत नाही, उलट इजा होते. कुशीवर वळवलं, डोकं थोडं उंच केलं, गरज पडल्यास डॉक्टरांनी सांगितलेलं औषध दिलं की आवाज कमी होतो. पण नातेवाइकांना सगळ्यांत जास्त धीर येतो तो, "आवाज आपल्याला त्रास देतोय, त्या मात्र गाढ बेशुद्धीत आहेत. कपाळावर आठी नाही, हात आवळलेले नाहीत, बघा," असं चेहऱ्याकडे बोट दाखवून सांगितल्यावर. मग श्वासात खंड पडू लागतो. भराभर चार-सहा श्वास, मग बराच वेळ काहीच नाही, मग पुन्हा एक खोल श्वास. हे आधी सांगितलेलं नसेल तर पहिल्या खंडालाच आकांत होतो, नंतरच्या श्वासाला आशा पालवते, आणि घरचे दर दहा मिनिटांनी मरण अनुभवत राहतात. हातपाय थंड पडणं, गुडघ्यांवर निळसर-जांभळे डाग येणं, हेही असंच आधी सांगायचं. घाबरवू नये म्हणून न सांगणाऱ्या सिस्टरचा हेतू चांगला असतो, पण पहाटे तीन वाजता एकट्या बसलेल्या मुलीला तो हेतू उपयोगी पडत नाही.

आणि बोलत राहा, असं सांगायचं. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी हॉस्पिसमधल्या, प्रतिसाद न देणाऱ्या रुग्णांच्या मेंदूचे विद्युत आलेख काढले; निष्कर्ष २०२० साली आले. बदलत्या स्वरांना त्यांच्यापैकी काहींचा मेंदू निरोगी माणसांसारखाच प्रतिसाद देत होता. ऐकलेलं कळत होतं का, हे त्यातून सिद्ध होत नाही. ऐकू जात असण्याची शक्यता मात्र दिसते, आणि खाटेशेजारी बसलेल्याला तेवढी पुरेशी आहे. कित्येकांना काय बोलावं ते सुचत नाही, विशेषतः मुलग्यांना. तेव्हा सिस्टर सुरुवात करून देते: "त्यांना नावाने हाक मारा. कोण कोण आलंय ते सांगा. गावाकडे पाऊस झाला का ते सांगा." हरिपाठ लावायचा असेल, कुराणातल्या आयती म्हणायच्या असतील, फादरना बोलवायचं असेल, तर त्याची वेळ आणि जागा तीच करून देते. शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाच्या डोक्याशीच हे व्हायचं, म्हणून एक पडदा ओढायचा. सरकारी वॉर्डात कधी कधी तो पडदाही नसतो.

आयसीयूत सगळं आणखी अवघड. दिवसातून दोनदा भेट, एका वेळी एक माणूस, तोही मॉनिटरकडे टक लावून. आकडा ८८चा ९१ झाला की त्याचा चेहरा उजळतो. आपल्या माणसाला हात लावायचीही त्याला भीती वाटते, इतक्या नळ्या. "हात धरा, काही निघणार नाही," असं सिस्टरने म्हटल्याशिवाय बहुतेक जण खाटेपासून हातभर लांबच उभे राहतात. बाहेरच्या बाकड्यांवर मात्र संशय शिजत असतो. बिल वाढवायला मशीनवर ठेवलंय का? आतून काहीच कळत नाही म्हणजे काहीतरी लपवताहेत का? रुग्णालयांवरचे हल्ले रोखण्यासाठी महाराष्ट्राने २०१० साली वेगळा कायदा केला. कायदा हवाच, पण "आता बरे आहेत" म्हणून संध्याकाळी घरी पाठवलेल्या माणसांना रात्री अचानक "या, संपलं" असा फोन गेला तर जो उद्रेक होतो, त्यातला काही भाग तरी संध्याकाळच्या दहा मिनिटांच्या बोलण्याने टळला असता.

फ्रान्समधल्या २२ आयसीयूंनी हे करून पाहिलं. मरणाच्या वाटेवर असलेल्या रुग्णांच्या घरच्यांशी ठरवून, बसून बोलायचं, त्यांना बोलू द्यायचं, त्यांच्या भावना मान्य करायच्या, माहितीची छोटी पुस्तिका द्यायची. २००७ साली निष्कर्ष आले. नेहमीच्या पद्धतीत बैठक २० मिनिटांची होत होती आणि त्यात घरचे बोलत होते ५ मिनिटं. नव्या पद्धतीत बैठक ३० मिनिटांची झाली आणि घरचे १४ मिनिटं बोलले. तीन महिन्यांनी पाहिलं तेव्हा मानसिक आघाताची लक्षणं नेहमीच्या गटात ६९ टक्के नातेवाइकांत होती, नव्या गटात ४५ टक्क्यांत. फक्त दहा मिनिटं वाढली होती, आणि ती जवळजवळ सगळी नातेवाइकांच्या वाट्याला आली होती. हे औषध नाही आणि दरवेळी लागू पडतं असंही नाही. पिट्सबर्गच्या पाच आयसीयूंत परिचारिकांच्या पुढाकाराने असाच मोठा उपक्रम झाला; २०१८ साली त्याचे निष्कर्ष आले, तेव्हा घरच्यांचा मानसिक भार सहा महिन्यांनी कमी झालेला दिसला नाही. संवाद चांगला झाला, असं मात्र त्यांनी आवर्जून नोंदवलं. दुःख बोलण्याने कमी होईल असं मानू नये. आपल्याशी नीट बोललं गेलं, ही गोष्ट दुःखाहून वेगळी आणि तरी फार मोठी आहे.

व्हेंटिलेटर चालू ठेवायचा की नाही, हा प्रश्न येतो तेव्हा कायद्याचीही भीती वाटते. ९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला आणि असाध्य अवस्थेत कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवायची मुभा दिली. त्याच्या किचकट अटी २०२३ साली बऱ्याच सोप्या केल्या. निर्णयाची रीत डॉक्टरांच्या मंडळांमार्फत जाते. सिस्टर त्यात ठरवणारी नसते. पण "मीच बापाला मारलं असं होईल का?" हे मुलगा तिलाच विचारतो. "तुम्हाला काय करायचंय ते ठरवा" या वाक्याने त्याच्या डोक्यावर आयुष्यभराचं ओझं बसतं. "बाबा आत्ता बोलू शकले असते तर काय म्हणाले असते?" असं विचारलं की तोच मुलगा वडिलांच्या वतीने बोलू लागतो, आणि बहुधा त्याला उत्तर माहीत असतं.

या संदर्भात मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या सिस्टर आठवल्याशिवाय राहत नाहीत. त्यांची सहकारी अरुणा शानबाग १९७३ सालच्या हल्ल्यानंतर मरणप्राय अवस्थेत होती. तिचे उपचार थांबवावेत अशी याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली तेव्हा, ७ मार्च २०११च्या निकालात न्यायालयाने तिच्या वतीने बोलण्याचा अधिकार केईएमच्या कर्मचाऱ्यांचा मानला, कारण इतकी वर्षं तिला भरवणारे, पुसणारे तेच होते. त्यांना ती जगायला हवी होती. २०१५ सालच्या मे महिन्यात न्यूमोनियाने ती गेली. इथे सिस्टरच नातेवाईक होत्या, आणि उपचार थांबवा हे ऐकणं घरच्यांना का इतकं जड जातं, हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार?

सेवा कोण करतंय याकडे सिस्टरचं लक्ष असतं, आणि ते फार कामाचं असतं. डॉक्टर "घरचं जबाबदार कोण?" विचारतात तेव्हा गावाहून आलेले मोठे काका पुढे होतात. सहा महिने रात्र-रात्र जागलेली सून किंवा लेक दाराबाहेर पिशव्या सांभाळत उभी असते. "ताई, तुम्हीही आत या, तुम्हाला विचारायचंय," असं म्हणून तिला आत घेणारी सिस्टर मी मोठी मानतो.

"आता घरी नेतो" हा निर्णयही अनेकदा असाच बाहेरच्या बाकड्यावर होतो. आपल्या ओट्यावर, आपल्या माणसांत जावं, ही इच्छा खेड्यापाड्यांत अजून पक्की आहे. रुग्णालयाच्या कागदावर मात्र ते 'वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध' म्हणून सही घेऊन होतं, आणि सही झाली की संबंध तुटल्यासारखं वागवलं जातं. खरं तर शिकवायची वेळ हीच. लघवीची नळी कशी सांभाळायची, दोन-दोन तासांनी कूस कशी बदलायची, धाप लागली तर खिडकी उघडून चेहऱ्यावर पंखा कसा धरायचा, डॉक्टरांनी दिली असेल तर मॉर्फिनची गोळी किती तासांनी द्यायची. १९८५च्या अमली पदार्थ कायद्याने मॉर्फिन मिळणं दुरापास्त झालं होतं, २०१४च्या दुरुस्तीने वाट थोडी मोकळी झाली, पण घरच्यांच्या मनात ते अजून 'व्यसनाचं' औषधच आहे. ही भीती सिस्टरने काढली नाही, तर गोळ्या फडताळात राहतात आणि माणूस कळवळत जातो.

मृत्यूनंतर डॉक्टर तपासतात, वेळ लिहितात. नातेवाईक बाहेर असतील तर त्यांना आधी बसायला सांगावं, सोबत कुणी आहे का पाहावं, आणि मग "ते गेले" असं सरळ सांगावं. "प्रयत्न चालू आहेत" असं सांगून आणखी अर्धा तास ताणण्यात दया नाही. घरच्यांना आत सोडण्यापूर्वी सिस्टर आणि मावशी मिळून नळ्या काढतात, तोंड पुसतात, डोळे मिटवतात, केस विंचरतात, स्वच्छ चादर घालतात. अंगावरचे दागिने मोजून, सही घेऊन देतात. कुणाला स्वतः आंघोळ घालायची असते, कुणाला चेहरा किब्ल्याकडे करायचा असतो. शक्य तेवढं होऊ द्यायचं. हे सगळं करणारी बाई त्याच वेळी आणखी तीस-चाळीस रुग्णांची रात्रपाळी करत असू शकते, हे सरकारी रुग्णालयांतलं नेहमीचं चित्र आहे. तिच्या बोलण्यातला तुटकपणा कित्येकदा याच हिशेबातून आलेला असतो, आणि तो दोष तिचा धरू नये.

काही आठवड्यांनी दाखल्यासाठी, विम्याच्या कागदांसाठी आलेला मुलगा वॉर्डाकडे वळतो आणि तीच सिस्टर शोधतो. "शेवटी त्यांना त्रास झाला का हो?" एवढंच विचारायचं असतं. त्या रात्री तो चहा प्यायला खाली गेला होता. याचं खरं उत्तर द्यायचं तर त्या रात्रीची नोंद लागते. नर्सिंगच्या कागदांत ताप, नाडी, रक्तदाब, लघवी या सगळ्यांना रकाने आहेत. घरच्यांशी काय बोलणं झालं याला बहुतेक ठिकाणी नाही. पाळी बदलताना ते तोंडी सांगितलं तर सांगितलं, नाहीतर सकाळची सिस्टर पुन्हा "काही नाही, बरे होतील" म्हणून मोकळी होते आणि रात्रभरात कसाबसा तयार झालेला मुलगा पुन्हा गोंधळतो. एक रकाना हवा आहे. मुलाला श्वासाच्या खंडांबद्दल सांगितलं. वडिलांच्या आजाराचं नाव आईला ठाऊक नाही. लेक पहाटेच्या गाडीने येतेय, तोवर थांबावं. त्याखाली वेळ आणि सही.